हायवर्थच्या पोस्टातून कोलशिलला

इंग्लंडमधल्या स्विंडनहून बस पकडली की थोड्याच वेळात हायवर्थ येतं. टेकडीवरचं छोटंसं गाव. १९४० साली इथलं पोस्ट मेबल स्ट्रँक्स नावाच्या बाई सांभाळत. अनोळखी माणूस यायचा, ठरलेला शब्द सांगायचा. बाई आत जाऊन फोन करायच्या आणि बाहेर येऊन एवढंच म्हणायच्या, "न्यायला येतील तुम्हाला." खुद्द ब्रिटिश जनरल माँटगोमेरींनाही त्यांनी ताटकळत ठेवलं होतं म्हणे!

न्यायचे ते जवळच्याच कोलशिलच्या वाड्यावर. फ्रान्समधल्या डंकर्कहून ब्रिटिश फौज माघारी आल्यावर जर्मन कधीही उतरतील अशी धास्ती होती, तेव्हा कॉलिन गबिन्स या अधिकाऱ्याने शत्रूच्या पिछाडीला लपून लढणारी 'ऑक्झिलरी युनिट्स', म्हणजे 'सहाय्यक तुकड्या', उभी केली. नाव मुद्दाम नीरस. माणसं मात्र अस्सल: शेतकरी, शिकारराखे आणि त्याच रानात चोरून शिकार करणारेही. वरकरणी होमगार्ड, म्हणजे गावराखणीचे स्वयंसेवक. शनिवार-रविवारकडे इथे येऊन स्फोटकं, सुरा, अंधारात आवाज न करता चालणं शिकायचं आणि सोमवारी परत गोठ्यात. स्फोटकांच्या माहितीपुस्तिकेवर 'कंट्रीमन्स डायरी १९३९' असं छापलेलं आणि खाली खताची जाहिरात!

वाडा १९५२ मध्ये जळाला, नंतर पाडला. तबेले उरलेत. खरी मजा जंगलातल्या भुयारी अड्ड्याच्या प्रतिकृतीत आहे. ती ठरावीक दिवशीच दाखवतात, तेव्हा तारीख बघूनच निघा. शिडीने खाली उतरलो. वर अर्धगोल पत्रा, कडेला फळ्यांच्या झोपायच्या जागा, मागे पळून जायला सिमेंटच्या पाइपांची वाट. जर्मन आले की चार ते आठ जणांनी असल्या बिळात लपायचं, फौज पुढे जाऊ द्यायची आणि रात्री मागून दारूगोळा, पेट्रोल, रेल्वे उडवायची. शिधा दोन आठवड्यांचा. त्याहून जास्त दिवस जगतील असा हिशेबच नव्हता.

खाली वाकून उभं राहताना बायकोने विचारलं, "यांच्या घरी काय सांगायचे रे?"

काहीच नाही. गुप्ततेच्या कायद्याखाली सही झालेली. मला सगळ्यात अवघड हेच वाटतं, सुरा-बिरा नाही. धडधाकट नवरा रात्र-रात्र गायब, सकाळी बूट चिखलाने भरलेले, आणि 'होमगार्डची कवायत होती' या उत्तरावर संसार चालवायचा. जर्मन खरंच उतरले असते, तर हा माणूस बायकापोरांना वर शत्रूच्या ताब्यात सोडून जमिनीखाली जाणार होता, आणि ते तिला आधी सांगायचीही सोय नव्हती. तिकडे गावात काहींना 'लढायला गेला नाही, भित्रा' असे टोमणेही बसले.

नोव्हेंबर १९४४ मध्ये युनिट्स मोडली. काम गुप्त, म्हणून जाहीर गौरव होणार नाही असं कळवण्यात आलं. हाती आला एक छोटा बिल्ला, कोटाला लावायचा. पुढे कित्येकांनी घरी अवाक्षरही काढलं नाही; मुलांना कळलं ते बाप गेल्यावर.

"मी विचारलं असतं," बायको वर चढताना म्हणाली. "आणि तू सांगितलं असतंस."

या संघटनेचं संग्रहालय सफोकमध्ये, पॅरमच्या जुन्या लष्करी विमानतळावर आहे. पुढचा बेत तोच.