गोळी आणि दुधाचा ग्लास

मी बेळगावात एका दवाखान्यात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, पार्किन्सनचे, म्हणजे अंग ताठ आणि हालचाल मंद करणाऱ्या मेंदूच्या आजाराचे पेशंट खानापूर, निपाणी, चंदगड सगळीकडनं येतात, पण गेल्या पावसाळ्यात खानापूरकडच्या एका गावातनं आलेले आजोबा डोक्यातनं जात नाहीत.

73 वर्षांचे, शेतकरी माणूस, मुलगा आणि सून दोन्हीकडनं धरून आत घेऊन आले. सून म्हणाली, "मॅडम, गोळीच लागू पडत नाही ओ, सकाळी देतोय की, तरी दुपारपर्यंत लाकडासारखे बसून असतात." डोस वाढवायच्या आधी खाणंपिणं बघा म्हणून डॉक्टरांनी माझ्याकडं पाठवलेलं.

मी म्हटलं, उठल्यापासून काय काय होतं ते क्रमानं सांगा. सात वाजता म्हशीच्या दुधाचा मोठा ग्लास, त्याच दुधाबरोबर गोळी, लगेच दोन उकडलेली अंडी. अंगात ताकद राहावी म्हणून. इतक्या मायेनं करत होती ती पोरगी, ऐकताना माझ्याच पोटात कालवलं.

त्या गोळीतलं औषध, लेव्होडोपा, आतड्यातनं रक्तात आणि रक्तातनं मेंदूत ज्या वाटेनं जातं, त्याच वाटेनं प्रोटीनमधली काही अमिनो आम्लं पण जातात, म्हणजे दार एक आणि गर्दी दोघांची, मग गोळी बाहेरच ताटकळते. सगळ्यांनाच हे जाणवतं असं नाही, पण आजार जुना झाला की बऱ्याच जणांना जाणवतं.

मग ठरवलं, गोळी नुसत्या पाण्याबरोबर, नाश्त्याच्या अर्धा तास आधी. दिवसा भाकरी, पालेभाजी, भात, फळं, आणि दूध, अंडी, उसळ रात्री. प्रोटीन बंद करायचं नाही, फक्त वेळ बदलायची, नाहीतर वजन उतरतं, हे मी तीनदा सांगितलं. पाणी आणि चोथा पण वाढवला, बद्धकोष्ठता फार होती.

मुलगा मोबाईल दाखवत म्हणाला, मेंदूसाठी ही बेरीची महागडी पावडर घेऊ काय? मी सरळ नको म्हटलं. मेंदूसाठी म्हणून बनवलेल्या माइंड डाएटची अमेरिकेत 604 जणांवर तीन वर्षं चाचणी झाली, 2023 ला निकाल आला, साध्या आहारापेक्षा ठळक फरक दिसला नाही, मग एका पावडरीवर पैसे का घालवायचे.

पंधरा दिवसांनी आजोबा नुसता मुलाचा हात धरून आले. "पोरी, आज दाढी माझी मीच केली बघ." सुनेनं वहीत रोजच्या वेळा लिहून आणल्या होत्या. मला इतका आनंद झाला, पण तेवढ्यात पाणी पिताना त्यांना ठसका लागला, आणि "असं आता रोज होतंय" म्हणाली ती. गिळण्याची तपासणी करायला त्याच दिवशी पाठवलं.