गाळाच्या कोअरचा एक्स-रे: पत्ता आधी, प्रतिमा मागाहून

आयओडीपी या समुद्रतळ खोदून अभ्यासणाऱ्या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमाच्या ३५५व्या मोहिमेने २०१५ साली अरबी समुद्रातल्या लक्ष्मी खोऱ्यातून कोअर, म्हणजे तळाच्या गाळाचे लांब नळीसारखे नमुने, काढले. त्यांतल्या एखाद्या जागेचा पत्ता असा असतो: ३५५-यू१४५६ए-५एच-३, ४२ सेंमी. मोहीम, ठिकाण, विवर, पाचवा कोअर, ‘एच’ म्हणजे पिस्टनने (गाळात नळी वेगाने घुसवणाऱ्या साधनाने) काढलेला, तिसरा सेक्शन (कोअर कापून केलेला तुकडा), त्याच्या माथ्यापासून ४२ सेंमी. एक्स-रेच्या फाइलला हेच नाव द्यावं, समुद्रतळाखालची खोली नव्हे. पिस्टन एका वेळी साधारण ९.५ मीटर आत जातो. वर येताना दाब उतरला की गाळातला वायू फुगतो आणि समजा ९.९ मीटर कोअर हाती येतो. शेवटचे ४० सेंमी मग कागदावर पुढच्या कोअरच्या हद्दीत घुसतात. खोलीचं गणित पुन्हा मांडता येतं, पत्ता मात्र तोच राहतो. (हे कोअर कोचीत आहेत, पण जपानच्या. नोंदीत देशही लिहा!)

आता एक्स-रे. उभा चिरलेला अर्धा कोअर तसाच ठेवला, तर मध्ये जाड आणि कडेला पातळ. करड्या छटेतला बराच फरक नुसत्या जाडीचा निघतो. म्हणून १ सेंमी जाडीचा सपाट स्लॅब प्लास्टिकच्या ट्रेमध्ये घ्यावा. पातळ स्लॅबला एक्स-रे नळीचे कमी किलोव्होल्ट पुरतात आणि थरांतला फरकही उठून दिसतो. स्लॅबखाली हवा अडकली तर बुडबुडे किड्यांच्या बिळांसारखे दिसतात, आणि गाळ वाळला तर भेगा थर म्हणून मोजल्या जातात. प्लास्टिकची पातळ फिल्म लगेच गुंडाळा.

सगळ्यात फसवी गोष्ट किरणांच्या फाकण्याची. प्रतिमेच्या मधोमध किरण थराला समांतर जातात, टोकांना तिरके. तिथे मिलिमीटरभराचे थर एकमेकांत मिसळतात. मधला पट्टाच वापरावा, ट्रे सरकवून पुढची प्रतिमा घ्यावी आणि दोन्हींत थोडा भाग सामाईक ठेवावा. जोडणीसाठी कडेला शिशाचे आकडे आणि माथ्याकडे बाण हवाच, कारण उलटी पडलेली प्रतिमा नुसत्या नजरेने ओळखू येईलच असं नाही.

प्रत्येक प्रतिमेत ॲल्युमिनियमची, ठरावीक जाडीच्या पायऱ्यांची पट्टीही ठेवा, म्हणजे छटा तिच्याशी ताडून पाहता येतात. नाहीतर सॉफ्टवेअर आपोआप कॉन्ट्रास्ट ताणतं आणि दोन प्रतिमांची तुलना बिघडते. मूळ १६-बिट टिफ जपा. जेपेग फक्त पाहण्यापुरतं. दाट भाग पांढरा की काळा, हेही नोंदवा: पायराइटने (लोह आणि गंधकाच्या दाट खनिजाने) भरलेलं बीळ एका पद्धतीत पांढरा धागा दिसतं, दुसरीत काळा.