हेलिकॉप्टर पायलटची मेडिकल: डोळ्यांत ड्रॉप टाकल्याशिवाय नागपूर सोडू नका

तक्त्यावरची 6/6 ची (म्हणजे पूर्ण नजरेची) ओळ वाचता आली म्हणजे डोळे पास झाले, असं होत नाही. एअर फोर्सच्या फ्लाइंग ब्रँचची मेडिकल मी दिल्लीला दिली. त्याआधी नागपूरच्या धंतोलीत ड्रॉप टाकून नंबर काढून घेतला होता, आणि तेच सगळ्यात जास्त कामी आलं.

डोळ्यांचे निकष फायटर, ट्रान्सपोर्ट आणि हेलिकॉप्टर या तिघांनाही सारखेच. एका डोळ्याने 6/6 आणि दुसऱ्याने 6/9 चालतं, पण तो दुसरा डोळा चष्म्याने 6/6 व्हायला हवा आणि ही सवलत फक्त प्लस नंबरला आहे. प्लस कमाल +2.0, सिलिंडर (तिरका नंबर) +0.75, तोही त्या दोनच्या आतच. मायनस चालत नाही. रेटिनोस्कोपीत (डोळ्यात प्रकाश टाकून डॉक्टर नंबर काढतात त्या तपासणीत) -0.5 पर्यंत दिसला तर तेवढा सोडतात.

गडबड होते ती लपलेल्या नंबरात. विशीत डोळ्याचं भिंग इतकं लवचीक असतं की अडीच प्लसचा मुलगाही शेवटची ओळ सहज वाचतो. सायक्लोपेंटोलेटचे थेंब पडले की फोकस करणारा स्नायू सैल पडतो आणि खरा नंबर बाहेर येतो. उलटही घडतं. रात्रंदिवस मोबाइलवर असलेल्याला मशीन -0.5 दाखवतं, पण तो स्नायूचा ताण असतो आणि ड्रॉपनंतर निघून जातो. म्हणून कॉम्प्युटरची चिठ्ठी घेऊन परतू नका, 'ड्रॉप टाकून रिफ्रॅक्शन (नंबरची तपासणी) करा' असं स्पष्ट सांगा. बाहुल्या मोठ्या झालेल्या असताना नागपूरचं ऊन सहन होत नाही. काळा चष्मा न्या, गाडी दुसऱ्याला चालवू द्या.

दोन्ही डोळे एकाच दिशेला जुळतात का, हे बघणाऱ्या मॅडॉक्स रॉड तपासणीची तयारी फारसं कुणी करत नाही. एका डोळ्यापुढे लाल, रेघारेघांची काच धरतात. समोरचा दिवा त्या डोळ्याला लाल रेघ दिसतो, दुसऱ्याला ठिपका. रेघ ठिपक्यापासून किती सरकली ते प्रिझमने मोजतात. 6 मीटरवर आत-बाहेर 6 प्रिझमपर्यंत चालतं, वर-खाली मात्र फक्त 1. थकल्यावर दोन प्रतिमा फाटू लागल्या तर जमिनीलगत होव्हर करताना (हेलिकॉप्टर एका जागी तरंगत ठेवताना) शेवटच्या काही फुटांचा अंदाज चुकू शकतो. जवळचं बघताना डोळे 10 सेंटीमीटरपर्यंत एकत्र वळायला हवेत. हे सरावाने सुधारतं. पेन्सिलीचं टोक हातभर अंतरावरून नाकाकडे आणायचं, दोन दिसू लागलं की थांबायचं, पुन्हा मागे न्यायचं.

रंगांत सराव कामाचा नाही. इशिहाराची पुस्तिका (रंगीत ठिपक्यांतले आकडे ओळखायची) झाली की अंधाऱ्या खोलीत 6 मीटरवरून मार्टिन लँटर्न या दिव्याचे बारीक ठिपके दाखवतात: लाल, हिरवा, पांढरा. मोबाइलवरच्या इशिहारावर विसंबू नका, स्क्रीनचे रंग बदलतात. आईच्या वडिलांना किंवा मामाला रंगांची अडचण असेल तर कोचिंगची फी भरण्याआधी ही तपासणी करून घ्या. हा दोष आईकडून मुलाकडे येतो.

लेसिक (नंबर घालवायचं लेझर ऑपरेशन) वयाच्या विसाव्या वर्षाआधी केलेलं चालत नाही, त्यामुळे एनडीएच्या वयात हा मार्गच नाही. नंतर केलं तर वर्षभर थांबा. डोळ्याची लांबी 25.5 मिलिमीटरच्या आत, कॉर्निया (डोळ्यापुढचा पारदर्शक पडदा) निदान 450 मायक्रॉन जाड आणि ऑपरेशनआधीचा नंबर 6 च्या आत लागतो. हा जुना नंबर आता डोळ्यात सापडत नाही, म्हणून ऑपरेशनआधीचे सगळे कागद तारखेसह डॉक्टरांकडून मागून घ्या.