एका सुताचा फरक

वेंगुर्ल्याच्या काकींना त्यांच्या वडिलांच्या गिटारबद्दल मी फोनवर म्हणालो होतो, "अमेरिकन असावी." त्यातलं 'असावी' त्यांच्यापर्यंत पोचलंच नाही. पोचत नसतं, हे इतकी वर्षं लोकांची वाद्यं हाताळल्यावर मला कळायला हवं होतं. आठवड्याभरात त्यांच्या मुंबईच्या भाच्याने एक गिऱ्हाईकही गाठलं. मी तोवर वस्तू हातातसुद्धा घेतली नव्हती.

मी कुडाळात पेट्या दुरुस्त करतो. श्रावणाच्या तोंडावर भजनी मंडळांच्या आणि कार्तिकात जत्रा सुरू व्हायच्या आधी दशावतारी कंपन्यांच्या. पेटी वाजवून बिघडते असं लोकांना वाटतं. आमच्या हवेत ती बंद ठेवून बिघडते. भात्याचं चामडं बुरसतं, पट्ट्या फुगून एकमेकींना धरतात, आतलं कापड कसर खाते. त्यामुळे आषाढात माझ्याकडे बसायलाही जागा नसते. नेमका तेव्हाच व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला: काळी कुळकुळीत, हातभर लांब, मांडीवर आडवी ठेवून वाजवायची गिटार. लॅप स्टील. आपल्याकडे हवाईयन गिटार म्हणतात ती. तारांवर चकचकीत धातूची कमान होती, आणि त्या कमानीनेच मला फसवलं.

रिकनबॅकर या अमेरिकन कंपनीची १९३२ सालची पहिली विजेवरची गिटार लॅप स्टीलच होती. अ‍ॅल्युमिनियमची, तव्यासारखी दिसणारी. तिच्यात नालेच्या आकाराचे दोन जड लोहचुंबक तारांना वरून कवेत घेतात. नंतर त्यांनी काळ्या बॅकेलाइटची, म्हणजे जुन्या कडक प्लास्टिकचीही काढली. काळं अंग आणि वर कमान, एवढ्यावर मी बोलून बसलो. काकींचे वडील बोटीवर होते, ते न्यूयॉर्क करून आलेले, हे त्यांनी सांगितलंच होतं. सगळं फार सहज जुळलं.

त्या एसटीने स्वतः घेऊन आल्या, गोधडीत गुंडाळून. मी मागच्या बाजूला बोटाने टिचकी मारली आणि पोटात खड्डा पडला. लाकूड होतं. तरी मनाची समजूत घातली की लाकडाच्या गिटारीही अमेरिकेत कितीतरी झाल्या. मग दोऱ्याला स्क्रू बांधून कमानीजवळ धरला. चुंबकाजवळ तो ओढला जायला हवा होता. तो सरळ लोंबत राहिला. कमान म्हणजे नुसता वाकवलेला, निकेल चढवलेला पत्रा. खरे चुंबक तारांच्या खाली होते, साध्या पट्ट्यांचे. त्यांच्यावरची कॉइल हाताने गुंडाळलेली, फेऱ्या कुठे दाट कुठे विरळ, आणि वर कापडी पट्टी. बाहेरून दिमाख विलायती, आत कुणा रेडिओवाल्याची किंवा मोटर वाइंडिंगवाल्याची मेहनत. मला ती कॉइल बघून राग आला नाही. मीटरवर सहा किलोओहमच्या जरा खाली भरली, म्हणजे इतक्या वर्षांत आत कुठे तुटली नव्हती.

व्हॉल्यूमचा पॉट, म्हणजे आवाज कमीजास्त करायच्या बटणाखालचा भाग, उपसला तेव्हा पुन्हा आशा वाटली. त्याच्या पाठीवर आकडे होते, पहिले तीन १३७. हे शिकून घेण्यासारखं आहे: अमेरिकन पॉटवर पहिले तीन आकडे कारखान्याचे, मग सालाचा शेवटचा आकडा, मग आठवडा. १३७ म्हणजे सीटीएस, मूळची शिकागो टेलिफोन सप्लाय. सालाचा आकडा होता ५. पन्नासच्या दशकाच्या अखेरपर्यंत सालाला एकच आकडा मारत असल्याने तो १९४५ किंवा १९५५. मी उठून काकींना फोन लावणार होतो. लावला नाही, एवढं एकच त्या दिवशी मी बरं केलं.

कारण दिवा जवळ घेतल्यावर दिसलं की पॉटचं भोक कानशीने मोठं केलंय. कडेचं लाकूड तासलेलं, उघडं, आणि त्यावर रंग नाही. कॉइलकडून येणाऱ्या तारेला कापडी वेष्टण, पॉटवरच्या तारेला प्लास्टिक. सोल्डरही दोन प्रकारचं, एक राखाडी पडलेलं आणि त्यावर दुसरं चकाकतं. पॉट मागाहून बसवलाय. पॉटचं साल म्हणजे गिटारचं साल नव्हे. इंटरनेटवर जुन्या वाद्यांचा धंदा करणारे बरेच जण नेमकं हेच पॉटचं साल गिटारचं म्हणून खपवतात आणि घेणाऱ्याला आत बघू देत नाहीत.

त्या उघड्या कडेवरच लाकडाचा रंग कळला. तांबूस, हलकं, रेषा मोकळ्या. मिरजेच्या तंबोऱ्यांची आणि सतारींची कामं माझ्या हातून गेली आहेत. हे तून होतं. फणस असता तर पिवळा दिसला असता. अमेरिकेतला कारखाना तुनीची गिटार करणार नाही. म्हणजे हिंदुस्थानातली. पण कुठली?

धातूची पट्टी काढली तेव्हा खोबणीच्या तळाशी पेन्सिलीने दोन आकडे आणि पुढे एक शब्द दिसला. आकडे मला इंग्रजी वाटले, एकोणनव्वद. शब्दाला शिरोरेषा होती पण वाचता येईना. फोटो काढून आमच्या बाजारातल्या सोनाराकडे गेलो. त्याच्याकडचा कारागीर बंगालचा. त्याने मान तिरकी करून फोटो बघितला आणि लगेच म्हणाला, "सैंतालीस. नीचे." बंगालीतला चार इंग्रजी आठासारखा आणि सात नवासारखा दिसतो, हे मला ठाऊक नव्हतं. 'खालची बाजू' एवढंच रंगाऱ्यासाठी लिहिलेलं. दोन दिवस मी एकोणनव्वदच्या मागे फिरत होतो आणि उत्तर माझ्या दुकानापासून दीडशे पावलांवर दागिना घडवत बसलं होतं.

कलकत्ता म्हटल्यावर पुष्कळ काही जागेवर बसतं. युद्धाच्या काळात ताउ मो हे हवाईयन गिटारवादक कुटुंबासह तिथे राहत होते, शिकवत होते. पुढे रवींद्रसंगीत आणि नजरुलगीती या गिटारवर घरोघरी वाजली. शिकणारे वाढले तसे वाद्यं करणारेही झाले. हीच गिटार ब्रिजभूषण काब्रांनी रागसंगीतात आणली. आपण मात्र ती जुन्या सिनेमाच्या गाण्यांत ऐकून विसरलो.

मी वेंगुर्ल्याला गेलो. काकींनी वडिलांची नली काढली. बोटीवरच्या नोकरीच्या पुस्तकाला जुनी माणसं नली म्हणत. कुठल्या बंदरात चढला, कुठे उतरला, सगळं शिक्क्यानिशी. बहुतेक नोंदी मुंबईच्या. एकच कलकत्त्याची, उतरल्याची, १९५६. पॉटवरचा ५ त्याच्याशी जुळतो, पण गिटार त्याआधीची असणार, कारण पॉट तिच्यात मागाहून बसलाय. सत्तेचाळीस हे साल की कारखान्यातला सत्तेचाळिसावा नग, यावर मी अजून रात्री विचार करतो. मी दोन्ही शक्यता त्यांना सांगितल्या, आणि अमेरिका चुकली होती हेही.

त्या गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मगे तू आधी कित्याक सांगलंस?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. 'फोटोवरून तसं वाटलं' हे मला त्यांच्यासमोर उच्चारवेना. भाच्याच्या गिऱ्हाइकाने 'कलकत्ता' ऐकताच फोन घेणं बंद केलं. ज्याला अमेरिकेचं नाव हवं होतं आणि वाद्य नको होतं त्याच्या हाती ती गेली नाही, याचं मला बरं वाटलं. पण भाच्याच्या मनातली रक्कम मीच उभी केली होती, आणि घरात बोलाचाली झाली ती काकींना सोसावी लागली.

"वाजात काय ती?" त्यांनी विचारलं. वाजणार होती. तारा बदलल्या, पॉट साफ करून तोच ठेवला, घोडी सरळ केली. भाचा म्हणाला होता, ओरखडे घासून पॉलिश मारा. ते करायच्या आधी मी मापं घेत होतो. वरच्या पट्टीपासून घोडीपर्यंत तार चोवीस इंच. सुरांच्या जागा दाखवणाऱ्या रेघांतली बारावी रेघ बरोबर मध्ये, बारा इंचांवर हवी. ती एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, अलीकडे होती. तिथे कांब, म्हणजे तारांवर सरकवायची धातूची दांडी, ठेवली तर वरचा सा कानाला टोचेल इतका उतरतो. आखणाऱ्याचा हात हलला असणार.

रेघेच्या पुढे एक बारीक ओरखडा होता. मी तो पहिल्या दिवसापासून बघत होतो आणि घासायच्या यादीत लिहून ठेवला होता. पट्टी लावली. बरोबर बारा इंच. खिळ्याच्या टोकाने, तारांना आडवा, सरळ ओढलेला.

काकींनी गोधडीतून वडिलांची कांब काढली. ती कांब नव्हतीच, कुठल्याशा बेअरिंगमधला पोलादी रोलर होता, एका बाजूने अंगठ्याने गुळगुळीत झालेला. मी तो ओरखड्यावर ठेवला आणि तार छेडली. सा लागला. पॉलिशची बाटली पिशवीतच राहिली.