बोरिवलीचं नॅशनल पार्क: आधी कान्हेरी, मग बाकीचं

बोरिवली स्टेशनच्या पूर्वेला उतरलं की दहा-पंधरा मिनिटं चालून संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं गेट येतं. सोमवारी उद्यान बंद, हे आधी लक्षात ठेवा. आत शिरताच मुलं बोटिंग आणि सफारीकडे ओढतात. त्यांना थोपवा आणि सकाळच्या गारव्यात थेट कान्हेरीची बौद्ध लेणी गाठा. अकरानंतर तिथला कातळ असा तापतो की बसवत नाही.

लेणी गेटपासून सहा-सात किलोमीटर आत आहेत. आतली बस मिळते. सायकलही भाड्याने घेता येते, पण शेवटचा चढ दमवतो. लेण्यांचं तिकीट उद्यानाच्या तिकिटापेक्षा वेगळं.

बहुतेक मंडळी तीन नंबरचा चैत्य, म्हणजे प्रार्थनेचं दालन, आणि व्हरांड्यातल्या दोन उंचच उंच बुद्धमूर्ती पाहून, फोटो काढून परततात. खरी कान्हेरी वर आहे. शंभरावर लेणी, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकापासून जवळपास हजार वर्षं खोदत गेलेली. सोपारा-कल्याणच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानाचे शिलालेख इथे आहेत. मला मात्र सगळ्यात भावली ती पाण्याची सोय. बहुतेक लेण्यांशेजारी पाण्याची पोढी, म्हणजे कातळात खोदलेलं टाकं, आणि वरच्या कातळात बोटभर खोल पन्हळी कोरून पावसाचं पाणी बरोबर त्या पोढीत आणलेलं. बाहेर भिक्खूंना बसायला दगडी ओटा. वन-बीएचकेत एवढा विचार कुणी करत नाही!

अकरा नंबरचा दरबार हॉल आणि एक्केचाळीसमधला अकरा मुखांचा अवलोकितेश्वर, म्हणजे करुणेचा बोधिसत्त्व, चुकवू नका. त्यासाठी निदान तीन तास हाताशी हवेत.

माकडांपासून जपा. हातातली पिशवी ती सरळ हिसकावतात. खाणं सॅकमध्येच, चेन लावून. वाटेत पाड्यावरच्या बायका काकडी-कैरी तिखटमीठ लावून विकतात, तीच घ्या.

सफारी जाळीच्या बसमधून. वाघ-सिंह कुंपणातले, त्यामुळे दिसतात, बहुधा लोळत पडलेले. लहान मुलं असतील तर करा, नाहीतर राहू द्या. बिबटे मात्र या जंगलात मोकळे फिरतात, तेव्हा आडवाटेला शिरू नका. शिलोंड्यासारख्या पायवाटांना आधी परवानगी लागते.

पावसाळ्यात हिरवाई आणि ओहोळ सुंदर, पण पायऱ्यांवर शेवाळ असतं. चांगल्या पकडीचे बूट घाला, चपला नकोत. सुट्टीच्या दिवशी परतीच्या बसला रांग लागते, म्हणून दुपारी तीनच्या आत खाली उतरा.