तुम्ही विचारलंत म्हणून : ‘औदुंबर’चा खरा अर्थ

कवितेवर बोलायला कुठेही गेलो, की शेवटी कोणीतरी हमखास विचारते, “सर, बालकवींची ‘औदुंबर’ आनंदाची कविता आहे की उदासीची? खरा अर्थ कोणता?” शाळेत आम्हाला ती उदासीची म्हणून शिकवली होती आणि परीक्षेत तसे लिहून मी गुणही मिळवले होते; पण आज एका शब्दात उत्तर देणे मला त्या कवितेवर अन्याय केल्यासारखे वाटते.

कविता अवघ्या आठ ओळींची आहे. झरा, चार घरांचे गाव, शेतमळे, पांढरी पायवाट, काळा डोह. आणि शेवटी ‘झांकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर, पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर’. ‘काळिमा’ हा शब्द आपण एरवी कुळाला लागलेल्या कलंकासाठी वापरतो, आणि कवी त्याला ‘गोड’ म्हणतो. ‘असला’ तर त्याहून अवघड आहे. ‘असला पाऊस कधी पाहिला नव्हता’ यात नवल असते, ‘असली माणसे नकोत’ यात नापसंती असते. औदुंबर असला म्हणजे कसला, हे कवी सांगत नाही. ती जागा त्याने वाचकासाठी मोकळी ठेवली आहे, आणि म्हणूनच कोणाला इथे निखळ निसर्गचित्र दिसते, कोणाला मृत्यूची सावली, तर कोणाला विरक्त योगी.

माझ्या आजीने ही कविता पहिल्यांदा ऐकली, तेव्हा शेवटच्या ओळीला तिने नकळत हात जोडले. ती दरवर्षी नरसोबाच्या वाडीला जात असे. पावसाळ्यात कृष्णेचे पाणी चढून तिथल्या दत्तपादुकांवरून वाहते, ते तिने डोळ्यांनी पाहिले होते. त्यामुळे पाण्यात पाय सोडून बसलेला औदुंबर तिच्यासाठी साक्षात दत्तगुरूच होता. बालकवींच्या मनात हे होते की नाही, मला ठाऊक नाही; पण तिचे वाचन कवितेतल्या एकाही शब्दाला धक्का लावत नव्हते, आणि माझ्या दृष्टीने एवढी एकच अट आहे. एका विद्यार्थ्याने औदुंबर बुडाला असा अर्थ काढला होता. मी त्याला ती ओळ पुन्हा मोठ्याने वाचायला सांगितली, तेव्हा ‘बसला’पाशी येऊन तो आपणहून थांबला.

मी स्वतः अलीकडे पायवाटेपाशी अडतो. हिरव्या कुरणांमधून ती काळ्या डोहाकडे ‘चालली’ आहे, म्हणून तिला मृत्यूची वाट मानणारे वाचन मला कित्येक वर्षे पूर्ण पटत होते. पण ती डोहापाशी पोचली असे कवितेत कुठेच म्हटलेले नाही, आणि तिच्यावरून चालणारे माणूसही कुठे दिसत नाही.