किड्याची नेमणूक

बाल्कनीत यंदा दुधीचा वेल लावला होता, ग्रिलवर मस्त चढला, मी रोज सकाळी चहा घेऊन त्याच्या सावलीत खुर्ची टाकायला लागले आणि एके दिवशी बघते तर सगळी पानं माना टाकून बसलेली. बुंधा खालीच कुरतडलेला, माती उकरली तर एवढासा किडा, करंगळीच्या पेरापेक्षा लहान. दिवसभर चिडचिड. नवरा म्हणाला अगं भाजीवाल्याकडे मिळतो दुधी. संध्याकाळी मात्र एकदम बायबलमधला संदेष्टा योना आठवला आणि हसूच आलं.

योनाचं पुस्तक जेमतेम 4 अध्यायांचं, 48 वचनं, अर्ध्या तासात सहज वाचून होतं, पण लोकांना त्यातला फक्त योनाला गिळणारा मासा माहीत असतो. देव म्हणाला निनवेला जा (म्हणजे आत्ताचं इराकमधलं मोसूल), तर हा याफो बंदरात जाऊन बरोब्बर उलट दिशेच्या जहाजात बसला, तेही रीतसर भाडं भरून, तसं लिहिलंच आहे तिथे. मग वादळ, समुद्रात फेकला जाणं, मासा, आणि शेवटी निनवेला जाऊन नाशाचा इशारा देणं; पण तिथले लोक सुधारले, देवाने शहर सोडून दिलं, तर हा रुसून शहराबाहेर बसला आणि देवाने त्याच्या डोक्यावर सावलीला वेल उगवला.

मला त्यातलं एक हिब्रू क्रियापद फार आवडतं, 'माना', म्हणजे नेमणे, नेमून देणे. देवाने मासा नेमला, वेल नेमला, वेल खायला किडा नेमला, मग पूर्वेकडचा झळांचा वारा नेमला, चारही वेळा तेच क्रियापद. बायबलातल्याच दानीएलाच्या पुस्तकात बाबेलचा (बॅबिलोनचा) राजा दरबारात आणलेल्या मुलांचा रोजचा शिधा नेमून देतो तिथेही हेच, म्हणजे शब्द अगदी दरबारी, हुकूम सोडायचा. आणि गंमत अशी की मासा हजर, वेल हजर, किडा तर दुसऱ्या दिवशी पहाटेच ड्युटीवर, दांडी मारली ती फक्त संदेष्ट्याने.

देवाची सत्ता दाखवायला बाकीच्या संदेष्ट्यांकडेही मेघगर्जना, भूकंप, लबानोनचे गंधसरू वगैरे भरपूर आहे, पण खरं सांगू, त्याने मी तेवढी दबत नाही. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात देव शीळ घालून मिसरातली (इजिप्तमधली) माशी आणि अश्शूरातली मधमाशी बोलावतो, तिथे मात्र काटा येतो. म्हणजे दोन महासत्तांची सैन्यं, आणि त्यांना बोलवायला नुसती एक शीळ! यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकात समुद्राला हद्द घालून दिलीय ती कसली, तर वाळूची. त्याच यिर्मयात आहे की आकाशातल्या करकोच्याला स्वतःची वेळ कळते, माझ्या लोकांना कळत नाही. म्हणजे तक्रार तीच, पक्षी हजर, माणूस गैरहजर.

योनाचा तो वेल नेमका कसला यावरूनही भांडणं झालीत, हिब्रूत 'किकायोन' आहे, बरेच जण एरंड समजतात. बायबलच्या जुन्या लॅटिन भाषांतरात भोपळा होता, जेरोम नावाच्या विद्वानाने नव्या लॅटिन भाषांतरात आयव्ही (भिंतीवर चढणारी एक वेल) केला, आणि आत्ताच्या लिबियातल्या ट्रिपोलीच्या जागी जे गाव होतं तिथल्या बिशपने ते नवं भाषांतर वाचायला घेतल्यावर चर्चमध्ये असा गदारोळ झाला की बिचाऱ्यावर चर्चची माणसं गमवायची वेळ आली. इसवी सन 403 च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतल्या ऑगस्टीन नावाच्या बिशपने हे खुद्द जेरोमलाच पत्रात कळवलंय. एवढ्या मोठ्या माशाबद्दल कुणी हूं की चूं केलं नाही, भोपळ्यावरून मात्र राडा. आपल्यातलेच वाटतात मला ते लोक.

असो. वेल वाळल्यावर योना म्हणतो यापेक्षा मेलेलं बरं (हे जरा माझ्यासारखंच), तेव्हा देव विचारतो, एका रात्रीत आलेल्या आणि एका रात्रीत गेलेल्या वेलाची तुला एवढी कीव येते, मग ज्यांना डावं उजवं कळत नाही अशी 1,20,000 च्या वर माणसं असलेल्या निनवेची मला येऊ नये का, आणि तिथे गुरंढोरंही पुष्कळ आहेत. बस, गुरांवरच पुस्तक संपतं, योनाचं उत्तर दिलेलंच नाही.

त्याच प्रश्नात देव त्याला हेही ऐकवतो की त्या वेलासाठी तू काही कष्ट केले नव्हतेस. मी केले होते. रोज दोन तांबे पाणी, शिवाय शेणखत. एवढा एक पॉइंट माझ्याकडे आहे.